एक चप्पल कातळावर

रविवारच्या शटलने तुम्ही डोहावर पोहायला गेला असाल, तर परत येताना तुमच्या शेजारची सीट रिकामी होती का? आणि असली, तर तिच्यावर बसून आलेला माणूस कुठे राहिला असं कोणाला विचारलंत, की तिच्यावर ओला टॉवेल पसरलात?

चप्पलमावशींनी विचारलं असतं. त्यांना चेहरे लक्षात राहत नसत, पाय राहत. मी चार उन्हाळे त्यांच्याकडे जात होते, पण माझ्या तोंडाकडे त्यांनी कधी नीट पाहिलं असेल असं वाटत नाही. मी पायवाट उतरून आले की मान खाली ठेवूनच म्हणायच्या, "आली का निळ्या पट्ट्याची? टाच झिजलीय बघ तुझी. घसरशील."

खडकवासल्याच्या पुढे, नदीच्या वरच्या अंगाला, त्यांच्या गावाजवळ हा डोह आहे. गाव आता शहरात आलं आहे, म्हणजे कर आला आहे, बाकी यायचं आहे. तेव्हा बस शेवटच्या थांब्याला सोडायची आणि तिथून तासभर चालावं लागायचं. पाणी हिरवं आणि शांत. पण तळाला एक कपार आहे. मावशी लहान असताना त्यांचा धाकटा भाऊ त्या कपारीत अडकून गेला. घरचे संध्याकाळपर्यंत त्याला गावभर शोधत होते, कारण तो पाण्यात उतरल्याचं कोणाला माहीतच नव्हतं. मग काठावर त्याच्या चपला दिसल्या.

मावशींचा नियम त्यातून आलेला. पाण्यात उतरणाऱ्याने एक चप्पल त्यांच्यासमोरच्या सपाट कातळावर ठेवायची, दुसरी आपल्याजवळ. बाहेर आल्यावर त्यांच्यासमोर ती उचलायची आणि मगच जायचं. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. करवंदांची पाटी घेऊन बसत आणि चपला राखत. "एकच का?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"दोन्ही तुझ्यापाशी राहिल्या तर मला न सांगता जाशील. दोन्ही माझ्यापाशी ठेवल्यास तर त्या सोडून अनवाणी जाशील, तुम्हा शहरातल्यांचा काय नेम. एका चपलेवर कुणी घरी जात न्हाई."

सगळे सरळ ऐकत असं नाही. पेठेतल्या एका गृहस्थांनी एकदा आपली सँडल छातीशी धरून सांगितलं, "अहो बाई, ब्रँडेड आहे ही. हरवली तर?" मावशी म्हणाल्या, "मग तुम्ही बसा हितं. तिला धाडते पवायला." गृहस्थांनी सँडल ठेवली.

एकदा एका कॉलेजच्या मुलाची चप्पल कातळावरून हलेना. मावशींनी सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं, गावातून दोर मागवला, दोघे पोहणारे कपारीपर्यंत गेले. अर्ध्या तासाने तो मुलगा मोठ्या दगडामागून फोनवर बोलत आला. हसून म्हणाला, "मावशी, टेन्शन काय घेता? मी इथेच होतो की."

"तू हुतास. मला कुठं ठाऊक हुतं?" एवढंच म्हणून त्यांनी त्याची चप्पल त्याच्या हातात दिली. तो मुलगा पुन्हा कधी दगडामागे गेला नाही.

आता माझ्याबद्दल. बुधवार पेठेत माझ्या बाबांचं छोटं छापखान्याचं दुकान. लग्नाच्या पत्रिका पोटासाठी, पत्रकं मनासाठी. मी पत्रकांच्या घड्या घालत वाढले. अन्याय दिसला की मागण्या कराव्यात आणि त्यांना आकडे घालावेत, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. ज्याच्याकडे गाडी नाही, ज्याला तासभर चालवत नाही, त्याने पोहू नये का? मी पत्रक लिहिलं, 'डोह सगळ्यांचा'. मागण्या पाच. डोहापर्यंत बस, पक्का रस्ता, बायकांना कपडे बदलायला खोली, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी.

ते मी कातळावर बसून मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ह्यात माझा कातळ कुठं हाय?"

मी हसले. म्हणाले, "मावशी, तुम्ही तर आहातच."

दोन वर्षं आम्ही ते पत्रक वाटलं, सह्या गोळा केल्या, निवेदनं दिली. पाचही मागण्या मान्य झाल्या. आम्ही पेढे वाटले. रस्ता झाला, खोली झाली, शेवटच्या थांब्यापासून डोहापर्यंत रविवारी दर अर्ध्या तासाला शटल सुरू झाली. शटलबरोबर ठेकेदार आला. सपाट कातळाला रेलिंग लागलं आणि तिथे फोटो काढायची रांग लागली. मावशींना पिवळं जाकीट आणि खराटा देऊन वर पार्किंगमध्ये उभं केलं.

सुपरवायझर त्यांना माझ्यासमोर म्हणाला होता, "मावशी, चपलांचा ढीग फोटोत येतो. बरं दिसत नाही. आणि आता तिकीट स्कॅन होतं ना, सगळ्यांची नोंद असते."

"येताना स्कॅन करता," मावशी म्हणाल्या. "जाताना काय करता?"

त्याने खराट्याकडे बोट दाखवलं. मी तेव्हाही पत्रक काढलं नाही. शटल नुकतीच सुरू झाली होती, लगेच तक्रार कशी करायची, असं मला वाटलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी शेवटची शटल सुटायच्या वेळी मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "लाल नाड्यांचे बूट आले न्हाईत," त्या म्हणाल्या. "दुपारी उतरताना बघितलेत मी. एकटाच हुता."

ड्रायव्हर म्हणाला, "आधीच्या गाडीनं गेला असेल. तिकीट कुठल्याही गाडीला चालतं."

"न्हाई गेला. सगळे पाय बघितलेत मी."

मागून कोणीतरी ओरडलं, "चला हो, पुढची बस चुकेल." दुसऱ्याने विचारलं, "ह्या झाडायला असतात की चेकिंगला?" बस हसली. मावशींनी आत पाहिलं, सीटखालचे पाय बघत बघत माझ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. निळा पट्टा त्यांनी ओळखला होता. मी काय म्हणाले ते लिहिते. मी म्हणाले, "मावशी, गेला असेल हो."

त्या बाजूला झाल्या. गाडी सुटली. माझ्या शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्यावरचा ओला टॉवेल माझा होता.

तो यवतमाळचा होता. इथे आयटी कंपनीत लागून वर्षही झालं नव्हतं. तो खोलीवर परतला नाही हे मंगळवारी, कामावर गेला नाही तेव्हा, कोणाच्या तरी लक्षात आलं. बुधवारी कपारीत सापडला. त्याचे बूट डोहाच्या वरच्या बाजूला शेजारी शेजारी ठेवलेले होते, मोजे आत कोंबून. दोन्ही बूट. तीन दिवस ते तिथेच होते.

चौकशीत ठेकेदाराने सांगितलं की देखरेखीसाठी एक महिला नेमली होती. कागदावर मावशींचा अंगठा होता. तो त्यांनी खराटा घेताना दिला होता. त्यांना काढून टाकलं. शटल दोन रविवार बंद राहिली.

मावशी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात लेकीकडे राहायला गेल्या. उसाच्या शेताला लागून नवी इमारत, तिसरा मजला. मी नवं पत्रक घेऊन गेले, मावशींना न्याय द्या म्हणून. मागण्या सात. मावशींनी ते हातातही घेतलं नाही. "त्याची आई आली हुती का गं?" विचारलं. मी म्हणाले, भाऊ आला होता. मी बसमध्ये काय म्हणाले त्याचा त्यांनी उल्लेख केला नाही आणि माफी मागायची माझी हिंमत झाली नाही. त्या पाणी आणायला उठल्या, तशी मी हळूच निघाले.

दाराबाहेर माझी एकच चप्पल होती. मी परत आत आले. मावशी पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. दुसरी चप्पल त्यांच्या पायाशी होती.

"न सांगता चालली हुतीस," त्या म्हणाल्या. आणि मी चप्पल घालत असताना, "सात नको लिहूस. एकच लिही."

यंदा उन्हाळा लागायच्या आत मावशी गेल्या. हे ते पत्रक. मागणी एक, आणि ती सरकारकडे नाही.

पुढच्या रविवारी शटलने जाल तेव्हा एक चप्पल काढून रेलिंगच्या आत, त्या सपाट कातळावर ठेवा. कोणी हटकलं तरी ठेवा. शेजारच्यालाही ठेवायला सांगा. आणि शेवटची शटल सुटताना तिथे एक जरी चप्पल उरली असेल, तर गाडीसमोर उभे राहा.