सोनगडचं दारूकोठार

काल खंडेराव मार्केटात सडक्या पेरूंचा वास आला आणि मी तिथंच थांबलो. सोनगडच्या ओसाड दारूकोठारात वटवाघळांचा असाच गोडसर, कुबट वास होता. गायकवाडांचा हा सरहद्दीचा गड दाखवायला बाबांनी मला लहानपणी हौसेनं नेलं होतं. बॅटरी माझ्या हातात होती. डोक्यावर पंख फडफडले आणि मी ती घेऊन बाहेर पळालो.

आतून बाबा हाका मारत होते, "बाळू, उजेड धर रे."

मी हललो नाही.

ते चाचपडत बाहेर आले, कपाळाला खोक पडलेली. घरी आईला म्हणाले, "बॅटरी विझली गं. काही नाही."

आता तिथं दिवे लावलेत, तिकीटही आहे. मुलगा चला म्हणतो. मी गुडघ्यांचं निमित्त सांगतो. खरं म्हणजे, ती हाक अजून आतच आहे.