बोल्टाला परत लावलेले नट

दूधगंगेच्या काठावरची ती चोरी आजही आठवते, आणि आठवली की चोराआधी मला माझाच राग येतो.

मी तेव्हा निपाणी भागात फौजदार होतो. बोरगावजवळच्या एका मिस्त्रीनं फिर्याद दिली, की नावेतल्या इंजिनाचा डिझेल पंप चोरीला गेलाय. इंजिन फार जुनं. त्याच्या गुरूनं ते लाकडी नावेच्या पोटात बसवलं होतं, नदीचंच पाणी ओढून गार राहील अशी नळी जोडली होती, आणि मरताना या धाकट्या शिष्याच्या हवाली केलं होतं. "साहेब, असला पंप आता कुटं मिळत न्हाय. त्यो गेला म्हंजे इंजिन भंगारात," म्हणताना गडी रडकुंडीला आला.

पंचनाम्याला मी स्वतः नावेत उतरलो. पंप नव्हता, पण त्याचे चारही नट आपापल्या बोल्टांवर परत चढवलेले होते, तेही ग्रीस लावून. भुरटा चोर कशाला असली उठाठेव करतोय? फिर्यादीला विचारलं, तर त्यानं आधी एका नटावरून बोट फिरवलं.

"गुरूची शिस्त हाय ती. काढलेला नट लगेच त्याच्याच बोल्टाला लावायचा."

"ही शिस्त अजून कुणाला?"

"एकालाच. पण अण्णाचं नाव मी घेणार न्हाय साहेब."

नाव काठावरच्या चहावाल्यानं सांगितलं. अण्णा म्हणजे त्याच गुरूचा थोरला शिष्य, शहरात अनगोळला गॅरेज चालवणारा, फिर्यादीच्या आदल्या दिवशी नदीवर आलता म्हणे.

त्याला ठाण्यात बोलावलं. हवालदार म्हणाला, दोन ठेवून देऊ या. मी नको म्हटलं. टेबलावर सुटे नट-बोल्ट पसरून ठेवले आणि घरच्या चौकश्या करत बसलो. "मी नदीकडं गेलतोच न्हाय," तो सांगत होता आणि त्याची बोटं एकेक नट बोल्टावर चढवत होती. तिसऱ्या नटाला त्याचं स्वतःच्या हातांकडं लक्ष गेलं.

"बारा वर्सं राबलो मी साहेब," तो एकदम फुटला. "हँडल मारून मारून खांदा गेला माझा. आन् इंजिन कुणाला? काल आलेल्याला! लई जळलो बघा."

"पंप नदीत टाकलास व्हय रं?" हवालदार ओरडला.

"टाकला नाही त्यानं," मीच म्हणालो. "घरी आहे. रोज उघडून बघतो."

त्यानं चमकून माझ्याकडं पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

पंप अनगोळात, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला सापडला. तो पूर्वी गळायचा, अण्णानं दुरुस्त करून ठेवला होता. कोर्टातून मुद्देमाल सुटल्यावर फिर्यादीनं तो बसवला आणि पहिल्याच हँडलला इंजिन धडधडलं. काठावरची माणसं खूश झाली. फिर्यादीचा चेहरा मात्र पडला. "मला जमलं नव्हतं हे," एवढंच तो पुटपुटला.

वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. 'रोज उघडून बघतो' हे कसं ओळखलंस, असं सगळे विचारायचे. मी 'अनुभव' म्हणून सांगायचो. साफ खोटं! माझ्याबरोबर भरती झालेल्या मित्राला पदक मिळालं होतं. पेपरातला त्याचा फोटो कापून मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता आणि रोज ठाण्यात आलो की आधी तो बघायचो.

हेवा करणारा माणूस वस्तू टाकून देत नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो असं लोकांना वाटतं. मला ते आधीच माहीत होतं. त्या अण्णाच्या हातून निदान पंप दुरुस्त होऊन परत तरी गेला. माझं कात्रण अजून माझ्याकडंच आहे.