अटक की ताब्यात?

"अटक की ताब्यात? आधी ते नीट विचारा, मग आकडा देते."

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हे वाक्य मला ऐकावं लागायचं. मी एका जिल्हा दैनिकाचा बातमीदार. किनाऱ्यावरच्या आमच्या पोलीस ठाण्यात जाऊन गेल्या महिन्याचे आकडे आणायचे, हे माझं ठरलेलं काम. चोऱ्या किती, मारामाऱ्या किती, अपघात किती, आणि शेवटी अल्पवयीन मुलं गुन्ह्यांत किती सापडली. हे आकडे द्यायच्या त्या एक हवालदारबाई. बाकीचे आकडे त्या मान वर न करता सांगायच्या. मुलांचा विषय निघाला की चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. मग मला कळायचं, आता अर्धा तास गेला.

पहिल्याच खेपेला मी विचारलं होतं, "या महिन्यात किती अल्पवयीन मुलांना अटक?"

"एकालापण न्हाय."

मी लिहून घेतलं आणि उठलो. दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला. "अठरा वर्षांखालच्या पोराला अटक झाली असं आम्ही लिहीत न्हाय. ताब्यात घेतलं असं लिहितो. तुम्ही अटक विचारलीत, म्हणून मी न्हाय म्हटलं. ताब्यात विचारा, दुसरं उत्तर मिळंल."

मी परत येऊन बसलो. मनातल्या मनात चिडलोच होतो. सरकारी कचेऱ्यांमधून असा शब्दांचा काथ्याकूट करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपलं काम अडवण्यात त्यांना सुख वाटतं, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरून चाललो, आणि बरीच वर्षं चाललो.

बाई मूळच्या पेणकडच्या. घरची मिठागरं होती, वडील आणि काका दोघेही मिठात राबलेले. पन्नाशी कधीच ओलांडलेली, गुडघे दुखत असत, पण टेबलावरचं काम संपल्याशिवाय उठायच्या नाहीत. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. समोर कुणी बसलेलं असलं तर त्याला विचारल्याशिवाय डबा उघडत नसत. ठाण्यात कुठलंही लहान मूल आणलं की साहेब म्हणायचे, "बाई आहेत ना, त्या बघतील." बाई आहेत म्हणून मुलांचं काम त्यांच्याकडे आलं, आणि पुढे ते कायमचंच त्यांच्याकडे राहिलं.

एकदा मी गेलो तेव्हा बाकड्यावर एक मुलगा बसला होता. किनाऱ्यावर पर्यटकांना पाण्यातल्या सफरीची तिकिटं विकायचा. एका पर्यटकाच्या पिशवीतून मोबाईल गेला होता आणि तो ह्याच्याकडे सापडला होता. त्याने घेतला होता, त्यात वाद नव्हता. पकडून आणणाऱ्या शिपायाने कागदावर लिहिलं होतं, वय अंदाजे एकोणीस.

बाईंनी कागद वाचला. "एकोणीस कशावरनं?"

"मिसरूड फुटलंय की, मॅडम," शिपाई म्हणाला.

बाई मुलाकडे वळल्या. "करोनात शाळा बंद झाली तेव्हा कितवीत होतास?"

"सातवीत."

"मग?"

"मग गेलोच न्हाय."

बाईंनी बोटांवर हिशेब केला. "सतराचापण न्हाय हा," त्या शिपायाला म्हणाल्या. शिपाई हसला. म्हणाला, एकोणीस लिहिलं तर काम आजच्या आज संपतं. सोळा लिहिलं तर शाळेचा दाखला आणा, आईबापाला बोलवा, घरची माहिती भरा, बाल न्याय मंडळापुढे न्या. कोण करणार?

"मी करीन," बाई म्हणाल्या.

त्या खरंच एसटीने त्याच्या शाळेत गेल्या. मुख्याध्यापकांनी दोन फेऱ्या मारायला लावल्या, तेव्हा कुठे जन्मतारखेचा उतारा मिळाला. सोळा वर्षं आणि काही महिने. मुलाची आई सुकी मासळी विकायची, बाप ट्रॉलरवर. आई धावतच आली. "माज्या पोराला जेलात घालताव?" तिने विचारलं. बाईंनी तिला खुर्ची दिली. "न्हाय ग बाय. पोरगा तुझ्याबरोबर घरी येईल. पण तारखेला मंडळापुढं त्याला घेऊन यायचं. चुकवायचं न्हाय."

त्या दिवशी मी बाईंना विचारलं, "एका मुलासाठी एवढं?"

"एकोणीस लिहिलं असतं तर मोठ्यांबरोबर कोठडीत बसला असता," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या आकड्यात मोठा माणूस म्हणून गेला असता. कोणाला कळलंपण नसतं."

त्यानंतर वर्षभर त्यांनी हा एकच हट्ट धरला. शाळेचा उतारा पाहिल्याशिवाय कुणाचंही वय लिहायचं नाही. ठाण्यातले सहकारी वैतागले. साहेब वैतागले. कॉम्प्युटरवर माहिती भरणारा पोरगा सगळ्यात जास्त वैतागला, कारण भरलेलं त्याला परत परत बदलावं लागे. आणि मग व्हायचं तेच झालं. अल्पवयीन मुलांचा रकाना, जो वर्षानुवर्षं जवळजवळ रिकामा असायचा, तो भरू लागला.

वर्षाचा तक्ता माझ्या हाती आला तेव्हा पान छपाईला जायला तासभर उरला होता. गेल्या वर्षीचा आकडा आणि या वर्षीचा आकडा शेजारी शेजारी ठेवले की बातमी आपोआप तयार होती. मी बाईंना फोन केला.

"एवढी वाढ कशामुळे?"

"वाढ झालेली न्हाय," त्या म्हणाल्या. "आधी ती पोरं मोठ्यांत मोजली जायची. आणि दुसरं ऐका. एका पोरानं चार मोबाईल घेतले तर गुन्हे चार होतात. तक्त्यात तो चारदा येतो. तुम्ही मुलं किती विचारताय, तक्ता ते सांगतच न्हाय. उद्या या, मी समजावून सांगते."

"बाई, उद्या कशी येणार? पान आज जातंय."

"मग आज लिहू नका."

मी लिहिलं. मथळा होता, किनारपट्टीवर बालगुन्हेगारीत मोठी वाढ. बाईंचं म्हणणं मी शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यात घातलं होतं. जागा कमी पडली म्हणून ते वाक्य छाटलं गेलं.

पुढचे दोन आठवडे काय झालं ते आठवलं की आजही मी चडफडतो. गावात बैठक झाली. हॉटेलवाले, गाडीवाले, स्टॉलवाले, सगळे जमले. किनाऱ्यावर कोवळ्या पोरांना कामाला ठेवायचं नाही, दिसली तर पोलिसांना कळवायचं, असं ठरलं. जी मुलं घर चालवत होती ती एका दिवसात मोकळी झाली आणि नाक्यावर बसू लागली. नाक्यावर बसली म्हणून पोलिसांनी हुसकली. बैठकीत माझ्या बातमीचं कात्रण हातोहात फिरत होतं. मी तिथे वही घेऊन बसलो होतो, आणि एकदाही उठून बोललो नाही.

वरिष्ठांकडून ठाण्याला विचारणा झाली की आकडा एवढा कसा चढला. बाईंनी दोन पानी उत्तर लिहिलं, असं नंतर कॉम्प्युटरवरच्या पोराने मला सांगितलं. ते उत्तर कुणी वाचलं का, हे त्यालाही माहीत नव्हतं. महिन्याभरात बाईंची बदली झाली. नियमित बदली, असं साहेब म्हणाले. त्यांना खोटं ठरवायला माझ्याकडे काहीही पुरावा नाही.

मी खुलाशाची बातमी लिहिली. संपादकांनी विचारलं, "आकडा पोलिसांचाच होता ना?"

"हो, पण त्याचा अर्थ..."

"मग खुलासा कसला? चूक छापली असती तर खुलासा."

ती बातमी छापली गेली नाही. पुढच्या महिन्यात मी ठाण्यात गेलो. टेबलामागे नवा माणूस होता, बोलायला फार चांगला. चहा मागवला. अल्पवयीन मुलं किती, असं मी विचारल्यावर त्याने तक्ता माझ्यासमोर धरला. त्या रकान्यात लिहिलं होतं, निरंक.

"एकही नाही?"

"एकही नाही. बघा, सुधारणा आहे."

आत बाकड्यावर दोन कोवळी पोरं बसली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या नव्या माणसाकडे पाहिलं. "दोघंही एकोणीसचे," तो न विचारताच म्हणाला. दाखले पाहिलेत का, असं मी विचारलं. तो हसून म्हणाला, "तुम्ही पण बाईंसारखंच बोलायला लागलात." त्या महिन्यात आमच्याच दैनिकात बातमी आली की पोलिसांच्या सतर्कतेमुळे बालगुन्हेगारी आटोक्यात. मी ती लिहायला नकार दिला, तर दुसऱ्याने लिहिली.

बाई मला नंतर एकदाच भेटल्या. रेवसच्या धक्क्यावर त्यांना बंदोबस्ताला लावलं होतं. भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लाँचसाठी रांग होती आणि त्या उन्हात उभ्या राहून रांग सरळ ठेवत होत्या. मी माफी मागितली. काय काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही खोटं न्हाय लिहिलंत," त्या म्हणाल्या. "पुरतं न्हाय लिहिलंत. बरं, ते सोडा. त्या मोबाईलवाल्या पोराची माझ्या बदलीनंतरपण तारीख होती मंडळापुढं. आईनं नेलं का त्याला?"

मला माहीत नव्हतं.

"त्याचं पुढं काय झालं?"

तेही मला माहीत नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. मला वाटतं, त्या थकल्या होत्या. "तुमच्याच गावातला पोरगा," एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात लाँच लागली, माणसं पुढे रेटू लागली, आणि त्या दोन्ही हात पसरून गर्दी थोपवायला गेल्या.

शरमेने मी दुसऱ्याच दिवशी त्या मुलाचं घर शोधून काढलं. खरं तर शोधावं लागलंच नाही, बाजारामागची तिसरी गल्ली. आई अंगणात मासळी पसरत होती. मुलाला ती प्रत्येक तारखेला घेऊन गेली होती, एकही चुकवली नव्हती. मंडळाने समज देऊन सोडलं होतं. मुलगा आता एका बर्फाच्या कारखान्यात लागला होता, आणि त्याने दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. "त्या हवालदारीनबायनंच सांगितलं होतं," आई म्हणाली. फॉर्मची पावती तिने डब्यातून काढून मला दाखवली. मी मोबाईलवर पावतीचा फोटो काढून घेतला.

मध्ये निवडणुका आल्या, कामं आली. रेवसला जायला मला दोन महिने लागले. धक्क्यावर एक तरुण पोलीस मुलगी उभी होती. मी बाईंची चौकशी केली.

"त्या रिटायर झाल्या की, गेल्याच महिन्यात."

"कुठे राहतात? फोन नंबर?"

"जुना नंबर लागत न्हाय त्यांचा. पेणकडं गेल्या म्हणतात." तिने मला जरा निरखून पाहिलं. "काही काम होतं का? तक्रार आहे?"

"तक्रार नाही," मी म्हटलं. "एक निरोप द्यायचा होता."

"मग द्या माझ्याकडं. आल्या कधी तर सांगीन."

मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली. मुलगा, मोबाईल, शाळेचा उतारा. ती ऐकत होती, पण लाँच धक्क्याला लागत होती आणि तिचं लक्ष रांगेकडे होतं. पावतीचा फोटो दाखवायला मी मोबाईल पुढे केला, तेव्हा ती निघून गेली होती.