रोजची दहा मिनिटं

लताबाईंची शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच. वणीजवळच्या गावातून लग्न होऊन त्या नाशकात आल्या आणि आता इंदिरानगरात चार घरी स्वयंपाक करतात. अक्षरांची ओळख पार पुसट झालेली. म्हणून पालकसभेत लेकीच्या, चैतालीच्या, वर्गाच्या बाई जेव्हा म्हणाल्या, "तुम्हाला शिकवता नाही आलं तरी चालेल, रोज दहा मिनिटं तिचं वाचन ऐका," तेव्हा त्यांना हायसं वाटलं. एवढं तर जमण्यासारखं होतं.

रोज संध्याकाळी आठ वर्षांची चैताली ओट्याशी बसून वाचायची. भाकरी थापता थापता लताबाई विचारायच्या, "मंग पुढं काय झालं?" पोर अडखळायची, परत मागे जायची.

दिवाळीनंतर ते अडखळणं थांबलं. वाचन घडाघडा होऊ लागलं. नवरा, धम्मपाल, खूश झाला. लताबाईंना मात्र कसंतरीच होऊ लागलं. रोज तोच सूर, त्याच जागी श्वास. आणि पोर पुस्तकाकडे सरळ बघतच नसे, मान वाकडी करून भलतीकडे बघायची. पाणी ओतताना पेला भरून वाहू लागला तरी तिला कळायचं नाही.

एका रविवारी सकाळी लताबाई मेथी निवडत होत्या. चैताली शेळीची गोष्ट वाचत होती. लताबाईंनी सहज पुस्तकात डोकावलं. पानावर जहाजाचं चित्र होतं.

त्यांचे हात थांबले. "चैते, यात शेळी कुठंय?"

चैताली पान नाकाशी नेत म्हणाली, "आई, धूर फार झालाय. गॅस बंद कर ना."

गॅस बंदच होता. दारातलं ऊन थेट पानावर पडलं होतं.

"कवापासून दिसतोय धूर?"

"खूप दिवस झाले. वर्गात बाकीचे वाचतात ते मी पाठ करते." मग हळूच म्हणाली, "मी ढ झाले असं तुला वाटलं असतं."

धम्मपाल म्हणाला, "चष्मा लागला असेल, सुट्टीत बघू." लताबाईंनी ऐकलं नाही. सोमवारी कामं बुडवून त्या पोरीला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर बराच वेळ दोन्ही डोळ्यांत बघत राहिले. मग त्यांनी चैतालीला बाहेर बसायला सांगितलं.

डोळ्यांच्या आत सूज होती, कित्येक महिन्यांची. दुखत नाही, म्हणून घरात कुणाला कळत नाही. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नव्हती.

"उजवा वाचवायचा प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या लक्षात कसं आलं?"

"रोज ऐकते ना मी तिचं."

आता वाचायची पाळी लताबाईंची. डोळ्यांत औषध घालून चैताली मिटल्या डोळ्यांनी पडते आणि लताबाई बोट ठेवून एकेक अक्षर लावतात. भलतंच काही वाचलं की पोर हसते, "आई, असा शब्दच नसतो!"

उजवा डोळा सध्या तरी टिकून आहे. दर महिन्याला डॉक्टर तपासतात आणि "बघू" एवढंच म्हणतात. त्या एका शब्दावर लताबाई पुढचा महिना काढतात.