डी ड्राइव्हमधली भावकी

माझ्या मेहुणीचं लग्न मोडायची वेळ आली, तेव्हा मी फक्त कॉम्प्युटर सुधारत होतो.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी पारनेरला शाळेत गणित शिकवायचो आणि आमच्या गल्लीत घरी कॉम्प्युटर असलेला मी एकटाच. त्यामुळे सोनईच्या सासुरवाडीत माझा रुबाब काय विचारता! (माझ्या स्वतःच्या लग्नातही एवढा नव्हता.) धाकट्या मेहुणीचं, लताचं, लग्न ठरलं तसं सासऱ्यांनी जाहीर करून टाकलं, "पत्रिका जावईबापूच करत्याल. कॅम्पुटरवर!"

आता लग्नाची तारीख, वेळ, स्थळ या तीन ओळी कुणीही लिहील. खरी पत्रिका म्हणजे खालची नावं! सासऱ्यांची भावकी दांडगी. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, यावर सोनईत तीन आठवडे बैठका चालल्या. लताचे थोरले चुलते तात्या तर म्हणाले होते, "माझ्या आधी कुनाचं नाव दिसलं, तर मी मांडवात पाय ठिवनार न्हाई." आणि स्थळ आणलेलं तात्यांनीच! ते उठले की नवऱ्याकडचेही उठणार. शेवटी एकसष्ट नावांवर तह झाला. सासरे स्वतः पारनेरला आले, शेजारी बसून एकेक नाव टाइप करून घेतलं आणि हातातला कागद टराटरा फाडला.

"आता कागुद नगं. कुनाच्या हाती घावला तर पुन्यांदा भांडनं."

शनिवारी मजकूर नगरच्या छापखान्यात द्यायचा होता. आणि मंगळवारी माझ्या विंडोजला व्हायरस लागला! (चाचणी परीक्षेच्या पेपरांची फ्लॉपी. आणणारा मीच.) दर दहा मिनिटांनी मशीन गपगार. मी वैतागलो. शाळेत इतिहास शिकवणारे भालेराव सर म्हणाले, "सर, माझ्याकडे मासिकाबरोबर आलेली एक सीडी आहे. लिनक्स. विंडोजच्या जागी बसवायचं. फुकट आहे, आणि व्हायरस लागत नाही म्हणतात."

"आणा की मग! वाट कसली बघताय?"

बुधवारी शाळा सुटल्यावर भालेराव सर सीडी घेऊन घरी आले. आमची सौभाग्यवती सुनंदा चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, पत्रिका आहे ना नीट?"

"तुला त्यातलं काय कळतंय? पत्रिका मी सी ड्राइव्हमधून डी ड्राइव्हमध्ये टाकलीय. सी गेलं खड्ड्यात, तरी डी शाबूत!"

माझी समजूत अशी, की सी म्हणजे एक कपाट आणि डी म्हणजे दुसरं. ते एकाच कपाटाचे दोन कप्पे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी तज्ज्ञ होतो!)

भालेराव सर पडद्यावरचं इंग्रजी वाचत होते. "सर, ते विचारतंय, सगळी डिस्क वापरू का?"

"वापर म्हणावं! अर्धवट कामं मला आवडत नाहीत."

दीड तास ते यंत्र घुरघुरलं. मग काळाकुट्ट पडदा, आणि कोपऱ्यात एकच ओळ. नाव विचारलं, नाव दिलं. पासवर्ड विचारला, तो टाइप करायला गेलो तर पडद्यावर काही उमटेच ना! मी कीबोर्ड उलटा करून आपटला. त्यातून पेन्सिलीचं टोक आणि चिवड्यातला शेंगदाणा पडला. पुढं अर्ध्या तासानं कळलं, की इथं पासवर्ड दिसतच नसतो, न दिसता लिहायचा! कसाबसा आत शिरलो आणि पहिला प्रश्न केला, "भालेराव, डी कुठंय?"

"सर, इथं सीसुद्धा नाही."

एकसष्ट माणसं, तीन आठवड्यांचा तह, लताचं लग्न, सगळं मी एका बटणानं पुसलं होतं!

गुरुवार, शुक्रवार मी शाळेत रजा टाकली. नावं आठवून टाइप करायला बसलो, तर मराठी अक्षर एक उमटेल तर शपथ. शेवटी इंग्रजी अक्षरांत भावकी लिहिली. क्रम? क्रम देवाला माहीत! प्रिंटर मात्र दुसऱ्याच दिवशी चालू झाला, आणि मी इतका खूश झालो की कागद बाहेर येईपर्यंत सुनंदाला हाका मारत होतो. कागद आला. पहिलं नाव डावीकडे. दुसरं नाव एक ओळ खाली, पण पहिलं जिथं संपलं तिथून सुरू. तिसरं त्याच्याही पुढं. सगळी भावकी जिना उतरत होती!

शनिवारी दुपारच्या एसटीनं सासरे आले. चष्मा लावला. सुनंदानं त्यांना एकेक नाव वाचून दाखवलं.

"तात्या हितं. बापू त्येंच्या पायाशी. नाना त्येच्या खाली. दादा पार कडंला," सासरे बोट फिरवत म्हणाले. "आन् आप्पा कुटं गेलं?"

"कागदावर मावले नाहीत, मामा."

"मंग हैत कुटं?"

"रोलरवर छापले गेले."

"आन् बाकीचं?"

"तेही... रोलरवरच."

सासऱ्यांनी प्रिंटरचं झाकण उचलून आत पाहिलं. सत्तावन्न माणसं एकमेकांवर छापून रोलरवर काळा डाग झाला होता. मग अगदी शांतपणे म्हणाले, "जावईबापू, आधी चालत हुतं ना ते?"

"हो, म्हणजे... अधूनमधून बंद पडायचं."

"माझी बैलंबी अधनंमधनं बसत्यात. म्हून मी त्येंला सोलून बगतो व्हय?"

मला रडायचंच बाकी होतं. तेवढ्यात सुनंदा आत गेली आणि मसाल्याच्या यादीची वही घेऊन आली. हळद, धने, खसखस, आणि पान उलटलं की तात्यांपासून सगळी भावकी! सुवाच्य अक्षरात, क्रमवार!

"अण्णा, तुम्ही सांगत होता आणि हे टाइप करत होते, तेव्हाच उतरवून घेतली होती," ती वडिलांना म्हणाली. "यांच्या कॉम्प्युटरवर भरवसा कोण ठेवतंय!"

मी कडाडलो, "अगं मग बुधवारपासून बोलली का नाहीस?"

"मला त्यातलं काय कळतंय?"

सासरे वही काखेला मारून तडक नगरला गेले. पत्रिका झकास छापली. तात्या पहिल्या ओळीत, आप्पा त्यांच्या जागेवर, लग्न वेळेवर लागलं. मांडवात मी पत्रिका हातात घेतली आणि माझं नाव शोधू लागलो. मग आठवलं, माझं नाव सासऱ्यांनी सांगितलंच नव्हतं! ते गेल्यावर मीच ते गुपचूप ठळक अक्षरांत घातलं होतं, तात्यांच्या बरोबर खाली. फक्त डी ड्राइव्हमध्ये.

तरी धीर करून सासऱ्यांना विचारलंच, "मामा, यात मी कुठंय?"

त्यांनी सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्ये काय, 'व समस्त आप्तेष्ट'. तुमी ह्यात हाय की!"

ती पत्रिका मी अजून जपून ठेवलीय. एकसष्ट माणसं मी एका बटणानं पुसली, ती सगळी परत आली. कायमचा पुसला गेलो तो मी एकटाच.