सेल बदलायची सकाळ

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या गल्लीला वेगळाच वास येतो. माग पुसायला पूर्वी रॉकेल असायचं, आता डिझेल आलं. त्या उग्र वासात झेंडूचा ओला, कडवट वास मिसळतो आणि वरून उदबत्तीचा धूर. वर्षभर ज्या खटखटीत आम्ही बोलतो, भांडतो, झोपतो, ती त्या दिवशी थांबलेली असते. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, किती शांत! मला मात्र ती शांतता सोसत नाही. सोलापुरात, मागाच्या आवाजात जन्म गेला माझा. आवाज आहे म्हणजे घर चालू आहे, एवढंच माझ्या कानांना ठाऊक.  आणि त्यातून नवमीची सकाळ म्हणजे आमच्या घरी सेल बदलायची सकाळ. तुम्ही हसाल, सेल बदलायला कुणी घाबरतं का म्हणून. मी घाबरते बघा. 

पूजेच्या पाटावर त्या दिवशी मागाचा धोटा असतो, कात्री असते, आमच्या नानांचं, म्हणजे वडिलांचं, पुठ्ठ्याला भोकं पाडायचं हत्यार असतं, वहिनीचं शिलाई मशीन पाटाला टेकून असतं. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक राखाडी रंगाची, पिवळट पडलेली प्लास्टिकची पेटी. तिच्यावर एका ओळीत सोळा बटणं, प्रत्येकावर मोहरीएवढा लाल दिवा. रिदम मशीन म्हणायचे त्याला ऑर्केस्ट्रातले लोक. हळदीकुंकवाचं बोट लावताना कुणी विचारलं की हे काय हो, तर वहिनी सांगते, ‘यांचं वाजवायचं यंत्र.’  मला विचाराल, तर त्या पेटीत माझ्या भावाची बोटं होती.

आमच्या घरात बोली तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. थोरल्या भावाला आम्ही अन्ना म्हणतो आणि तो मला चेल्ली म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण. केस पिकले तरी मी चेल्लीच राहिले. अन्ना ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवायचा. लग्नं, गणपती, जत्रा. आज मैंदर्गी तर उद्या सांगोला, टेम्पोत वाद्यांच्या मधे अंग दुमडून झोपत जायचं. त्याच्या वाजवण्यात एक खोड होती. गाणं रंगात आलं, सम आता पडणार, सगळ्यांच्या माना त्या तयारीत झुकल्या, की ऐन वेळी हा हात उचलून हवेत तसाच धरायचा. काहीच नाही. लोकांचा श्वास अडकायचा. वाटायचं, चुकला, विसरला, आता हे सगळं कोसळणार. आणि मग थाप पडायची. टाळ्यांचा नुसता पाऊस. मी एकदा चिडून म्हटलं, ‘अन्ना, माझं काळीज तोंडाला येतं रे.’ तर म्हणाला, ‘यायलाच पाहिजे की. माणसाला जरासं भ्यायला लावायचं, मग सम द्यायची. फुकट दिलेल्या समेला चव न्हाई.’

पुढे खरोखरच भ्यायची वेळ आली, तेव्हा ती अशा नाटकी रीतीने नाही आली. अगदी हळू आली. ढोलकीच्या बारीक बोलांमधून करंगळीचा एक हलकासा स्पर्श ऐकू यायचा, तांदूळ निवडताना सुपावर बोट वाजावं तसा. एके दिवशी तो ऐकू येईना. मी विचारलं तर म्हणाला, ढोलकी उतरलीय. दुसऱ्या दिवशी बघते, तर परसात बसून शिलाईची सुई करंगळीला टोचतोय आणि टोचलेल्या जागेकडे परक्याच्या बोटाकडे बघावं तसा बघतोय. मला बघून हसला. ‘पाहुणी झाली ही. हाय हितंच, पण आपल्यात न्हाई.’ डॉक्टर झाले, तेलं झाली, मानेला पट्टा झाला. बधिरपणा एकेका बोटाने वर सरकत राहिला. पाणी चढताना जिन्याच्या पायऱ्या एकेक करून बुडत जाव्यात, तसं आम्ही घरातल्या घरात बघत होतो. 

त्याच दिवसांत ऑर्केस्ट्राच्या मालकाने मुंबईहून कुणाचं तरी वापरलेलं ते मशीन आणलं. ‘तुझा हात बरा होईस्तोवर,’ म्हणाला. हे वाक्य कसं असतं ते आम्हाला कळत होतं. वहिनी रडली. अन्नाने मात्र पेटी टॉवेलात गुंडाळून घरी आणली, माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, ‘चेल्ली, हे माझ्या जागेवर बसणार म्हणतंय. बसू दे. पण मग माझ्यासारखं वाजवायला शिकू दे की त्याला.’

माझ्यापुढे का ठेवली, तर आमचे नाना चादरींच्या कारखान्यात पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. चादरीवर जो मोर उमटतो, तो आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत रंगवायचा. मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याला भोकं पाडायची. भोक आहे तिथे धागा उचलला जातो, नाही तिथे खाली राहतो. लहानपणापासून मी नानांच्या शेजारी बसून घरं वाचायची. शाळेत फार दिवस टिकले नाही, पण चौकटीचा कागद दिला तर मला त्यातला मोर न रंगवताही दिसायचा. आणि ही पेटीही तशीच निघाली! सोळा बटणं म्हणजे सोळा घरं. बटण दाबलं, दिवा लागला, म्हणजे तिथे ठोका. नाही दाबलं, तर नाही. लाल दिवा डावीकडून उजवीकडे पळत जातो, पुन्हा पहिल्या घरात येतो. मी म्हटलं, ‘अन्ना, हा तर मागच आहे रे. फक्त धागा दिसत नाही.’

पण त्या पेटीत ढोलकी नव्हती, परदेशी ड्रमांचे नमुने तेवढे होते. मोठा ड्रम, दोन उंच आवाजाचे, झांजेसारखं काहीतरी. मग अन्ना डोळे मिटून ऐकत बसायचा आणि सांगायचा, हा जाडा आवाज जरा वर चढव, हा घुमारा होईल. ती झांज मिटलेली घे, ती चाटेच्या, काठावरच्या बोलाच्या, जागी चालेल. दुसरी अडचण मोठी होती. मशीन सरळ रेषेत ठोकायचं, टाइपरायटरसारखं. अन्नाची थाप तर किंचित उशिरा यायची, तोंडात पान धरून बोलणाऱ्या माणसासारखी रेंगाळत. हा उशीर सोळा घरांत कुठे बसवणार? पुष्कळ दिवस डोकं खाल्लं मी. मग सुचलं, की मोर बारीक हवा असेल तर नाना काय करायचे? घरं वाढवायचे. मशीनचा वेग चौपट केला. आता सोळा घरांत गाण्याचा लहानसाच तुकडा मावायचा, पण घरं इतकी बारीक झाली, की थाप एक घर पुढे सरकवली की नेमका तेवढाच उशीर व्हायचा, अन्नाचा उशीर. असे तुकडे एकापुढे एक जोडायचे, पुठ्ठ्यांची माळ ओवतात तसे. सहा मात्रांच्या दादऱ्यासाठी शेवटची घरं बंद करून ओळ आखूड करायची. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि अन्नाला नुसता बसलेला बघून दारातच थबकली. तिला वाटलं होतं, हात सुधारला. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.

घाई होती हो सगळ्याची. अन्ना पाटावर बोटांनी वाजवून दाखवणार, मी ते घरांत उतरवणार, आणि रोज त्याच्याकडे दाखवायला बोट कमी. आज मधलं बोट चालतंय तर त्याचे बोल आजच घेऊन ठेव, उद्याचं सांगता येत नाही. ते थांबलं की मग तोंडाने बोल म्हणायचा. त्यातून मशीनची आठवण तोकडी. बारीक घरं केली की जागा भराभर संपायची. नवं ठेवायचं तर जुनं पुसायचं. मी विचारायची, कुठलं पुसू? बाजारात चालणारे, लग्नात हमखास लागणारे ठेके तो खुशाल पुसायला लावायचा. ‘ते कुणीबी वाजवतंय. माझं तेवढं ठेव.’ आणि समेच्या आधीच्या त्याच्या त्या जागेशी आलो, तेव्हा मी बटणावर बोट धरून म्हटलं, ‘हितं काय भरू?’ तो म्हणाला, ‘काय नको. तितं मी बसतो.’

अन्ना गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ऑर्केस्ट्रा त्याच्याही आधी मोडला होता. पेटी आमच्याकडेच राहिली. तिची आठवण टिकते ती पोटातल्या चार सेलांवर. भिंतीतल्या लाइटवर असताना सेल बदलले तर काही होत नाही. पण सेल काढलेले असताना लाइट गेली, तर सगळं पुसलं जातं. म्हणून दर नवमीला नवे सेल. अडॅप्टर लावायचा, देवाचं नाव घ्यायचं, जुने काढायचे, नवे घालायचे. एवढंच काम. पण सोलापुरातली लाइट! त्या एवढ्याशा वेळात मी किती वेळा मेले असेन. मोबाइलवर घेऊन ठेव म्हणून पुष्कळांनी सांगितलं. पण घेऊन ठेवायचं म्हणजे हे जाणार असं आपल्या तोंडाने म्हणायचं. ते माझ्याने झालं नाही.

यंदा अन्नाची लेक आली होती कुर्डुवाडीहून, नवरा रेल्वेत आहे तिचा. वहिनीचे गुडघे आता उचलत नाहीत, म्हणून पूजेची सगळी धावपळ तिने अंगावर घेतली. आमच्याकडे त्या दिवशी लाइटच्या बोर्डाचीही पूजा असते. बोर्डावर माग चालतो, तर तोही देवच. आणि ओल्या हाताने कुंकू लावायचं म्हणून आधी मेन स्विच खाली ओढायचा. वहिनी इतकी वर्षं माझे सेल बसेपर्यंत ताट घेऊन थांबायची. हे थांबणं आम्हा दोघींच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की पोरीला ते सांगायला हवं हे कुणाला सुचलंच नाही.

मी सेल काढले होते. नवे मुठीत होते. पहिल्या घरावरचा लाल दिवा माझ्याकडे बघत होता. आणि तो विझला. पंखा सुस्कारा टाकत थांबला. ओसरीवरून पोरगी मोठ्या समाधानाने म्हणाली, ‘आई, बोर्डाला कुंकू लावलं गं! तू बस आता निवांत.’

वहिनी पाटाची कड धरून बसून राहिली. नवे सेल घालताना माझ्या बोटांना ते जड लागले की हलके, ते कळेना. मला वाटलं, बधिरपणा आता माझ्याकडे आला. पोरीने स्विच वर केला, आत आली, आमची तोंडं बघितली आणि तिला कळलं. ‘आत्या, मी काय केलं गं? पप्पांचं गेलं का?’

सुरू करायचं बटण दाबायला मला किती उशीर लागला ते विचारू नका. दाबलं, तर आवाज आला! क्षणभर आशाही वाटली. पण तो अन्ना नव्हता. सगळी घरं वेडीवाकडी भरलेली, दिवे कसेही लागलेले. आपल्या घरात कुणी अनोळखी माणूस शिरून भांडी आपटत सुटावा, तसा तो आवाज. आठवण गेलेल्या म्हाताऱ्या माणसासारखं बडबडत होतं ते, अखंड, श्वास न घेता. वहिनीने कानांवर हात ठेवले. पोरगी तर भिंतीला टेकून हुंदके देत होती. तिला मी काय बोलणार? बापाच्या यंत्रावर, बापाच्या पूजेतच हात चालला होता तिचा.

मी एकेक घर पुसायला घेतलं. सगळे दिवे विझले. मग तिला म्हटलं, ‘इकडे बस. रडायचं ते बटणं दाबत रड.’ आठवेल तसे बोल म्हणू लागले आणि ती दाबू लागली. काही तुकडे हातातून आपोआप उतरले. काहींपाशी अडखळले, थाप एक घर उशिरा की दोन? दोन्ही ऐकून बघितलं, दोन्ही खरं वाटलं. तेव्हा मला जी भीती वाटली, ती लाइट जायच्या भीतीहून मोठी होती. हे अन्नाचं आहे की माझं, हे सांगणारं आता कुणीच नाही. इतकी वर्षं मी पेटीला जपलं. अन्नाच्या उशिराची मोजणी तर माझ्याच डोक्यात होती. आणि माझे सेल कोण बदलणार?

शेवटचा तुकडा घेतला, समेकडे जाणारा. बोल म्हणता म्हणता माझं तोंड कोरडं पडलं होतं, थकलेही होते. ओळ भरत गेली आणि मी सवयीने पुढचा बोल उच्चारणार, तेवढ्यात पोरीने बोट बटणावरून उचललं.

‘न्हाई आत्या. हितं काय न्हाई.’

‘कशावरून गं?’

‘मी मांडीत असायची ना त्यांच्या. ते बोल म्हणायचे तेव्हा पोट हलायचं, माझ्या पाठीला लागायचं. हितं हलायचं बंद व्हायचं. मला लई भ्या वाटायचं, पप्पा थांबले म्हणून.’

वहिनीने कानांवरचे हात काढले.

बाकीचं थोडंथोडं चाललंय. दिवाळीला पोरगी पुन्हा येणार आहे, मोबाइलवर घ्यायचंही ठरलंय. खरं किती उतरेल आणि किती आम्ही दोघी मिळून रचू, मला ठाऊक नाही. त्याची धास्ती आहेच, ती जायची नाही. पण त्या सकाळी तो तुकडा आम्ही पुन्हा पुन्हा लावला. पूजा तशीच राहिली होती, झेंडू सुकत होता, गल्लीत एकही माग हलत नव्हता. लाल दिवा घरांमागून घरं ओलांडत पळत यायचा आणि त्या रिकाम्या घरात शिरला की नुसता गप्प. दर फेरीला आम्हा तिघींचा श्वास अडकायचा. दर फेरीला वाटायचं, संपलं, आता काही येत नाही.

आणि मग थाप पडायची.