शेजारच्या खाटेवरचं काळीज

त्याचं वय आणि वजन माझ्याएवढंच, म्हणून आम्हाला शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. धाराशिवच्या एका दवाखान्यात उदासीच्या आजारावरचं नवं औषध तपासत होते. ते घेतलं की भास होतात. दुबळ्या लिव्हरच्या माणसाच्या अंगातून ते निघायला किती वेळ लागतो, हे डॉक्टरांना बघायचं होतं. लिव्हर त्याचं दुबळं. मी धडधाकट, तुलनेपुरता. नाव मी विचारलं नाही. मुरुमकडचा होता.

डॉक्टरबाई लिव्हर म्हणायच्या, तो काळीज म्हणायचा. "काळीज नव्हे हो," मी म्हणालो. तो उखडला. "मग बकरं कापल्यावर काय मागून घेता तुमी?"

दुपारपर्यंत माझं औषध उतरलं. त्याचं उतरेना. खाटेचा दांडा आवळून तो खिडकीकडं टक लावून बसला होता. बाई पुन्हा पुन्हा रक्त घेत होत्या, नाडी बघत होत्या.

"काका, अजून कुणी दिसतंय?"

"भाऊ हाय. मेलेला. तिथं उभा हाय, खिडकीपाशी."

"घाबरू नका. जाईल तो थोड्या वेळात."

त्यानं नजर हलवली नाही. "त्येचंच तर भ्या वाटतंय, बाई. काळीज त्येला कवा सोडंल, काय सांगावं."

सकाळी मलाही माझे वारलेले वडील दिसले होते. माझ्या धडधाकट काळजानं त्यांना जेवणाआधीच सोडून दिलं होतं.